मावशींच्या घोट्यावरचा पाऊलमोज्या

मी एक जुना पाऊलमोज्या आहे. माझ्या खोक्यावर भलतंच लांबलचक नाव छापलेलं होतं, पण शिवणघरातल्या बायकांनी ते वाचायची तसदी घेतली नाही. "पावलं मोजतो ना? मग पाऊलमोज्या," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. मित्रांनो, मलाही तेच नाव आवडलं.

माझ्या पोटात एक इवलासा तुकडा आहे. धक्का बसला की तो हलतो, आणि तो हलला की मी एक आकडा पुढे सरकतो. एवढीच माझी विद्या. धक्का कशाचा बसला हे विचारण्याची अक्कल मला बनवणाऱ्यांनी दिली नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

शिवणघरात बावीस बायका शर्ट शिवत. दिवसभर बसून कुणाची कंबर धरलेली, कुणाची साखर वाढलेली. शेवटी मालकीणबाईंनी प्रत्येकीला माझ्यासारखा एकेक पाऊलमोज्या दिला आणि पाण्याच्या नळाशेजारी एक फळा लावला. रोज संध्याकाळी त्या आमचे आकडे वाचून फळ्यावर लिहायच्या; जिची पावलं जास्त, तिचं नाव वर. दर शनिवारी पहिल्या नंबराला एका दिवसाची मजुरी जादा. मनगटावर बांधलं तर आम्ही कापडात अडकायचो, म्हणून सगळ्याजणींनी आम्हाला पायाच्या घोट्यावर बांधलं.

मी आलो कॉलरवाल्या मावशींच्या वाट्याला. बाकीच्या मशिनींना मोटारी बसल्या होत्या, पण मावशींनी आपली पायमशीन सोडली नव्हती. "कॉलरचं टोक हळू वळवावं लागतं. मोटारीला कसली आलीय घाई आवरायची समज?" असं त्या म्हणायच्या. दिवसभर त्यांचा पाय खालीवर व्हायचा आणि मी इमानेइतबारे मोजत राहायचो.

पहिल्याच शनिवारी मावशी पहिल्या आल्या! त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. "अगं, मी एवढी कधी चालले?"

"तुमचं घर लांब आहे ना, मावशी," कुणीतरी म्हणालं, आणि त्यांनाही ते पटलं. सलग पाच शनिवार त्या पहिल्या आल्या. येणारी-जाणारी माझ्याकडे कौतुकानं बघायची. खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेलो होतो. मिळालेल्या पैशांतून मावशींनी नवा चष्मा करायला टाकला. जुन्या चष्म्यातून त्यांना सुईत दोरा ओवणं जड जात होतं.

त्यांच्या समोरच बटणताई बसायची. वीस वर्षांची सोबत होती दोघींची. तिला डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज चाला, नाहीतर साखर पायांवर उतरेल." बिचारी सकाळ-संध्याकाळ मैदानाला फेऱ्या मारायची. फळ्यावर सुरुवातीला सगळ्यांत खाली असलेलं तिचं नाव पहिल्या शनिवारच्या आतच चढत चढत दुसऱ्या नंबरावर आलं आणि तिथंच राहिलं. पण मावशींचा आकडा तिच्या दुपटीहून जास्त असायचा.

पाचव्या शनिवारी ती फळ्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. "मावशी, तुम्ही माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, आणि मला तुमच्या निम्म्यानंही जमत नाही. माझ्याच्यानं नाही होणार हे." तिनं आपला पाऊलमोज्या सोडला आणि बटणांच्या डब्यात टाकला. तिचं चालणं थांबलं. पुढच्या शनिवारच्या आतच डॉक्टरांनी तिच्या गोळ्या वाढवल्या.

त्याच सुमारास मावशींचा चष्मा आला. त्या कॉलर शिवायला बसल्या, सहज खाली बघितलं, आणि माझा आकडा त्यांना पहिल्यांदाच नीट दिसला. पाय हलला, आकडा हलला. त्यांनी पाय थांबवला. मीही थांबलो. त्यांनी पुन्हा एकदा पाय दाबला, आणि मी निमूटपणे एक आकडा पुढे गेलो. मावशींचा चेहरा पडला. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या विद्येची लाज वाटली.

त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण त्यांनी समोर बघितलं. बटणताई मान खाली घालून बटणं लावत होती, पाय सुजलेले. मावशी उठल्या, नळापाशी गेल्या आणि ओल्या हातानं फळ्यावरचं आपलं नाव पुसून टाकलं.

"बायांनो, मी चाललेच नाही. हा मेला माझ्या मशीनची पावलं मोजत बसला होता!"

शिवणघर हसून हसून लोटपोट झालं. मावशी हसल्या नाहीत. त्या बटणताईपाशी जाऊन बसल्या. "पाचही वेळा दुसरी तू होतीस. म्हणजे पहिली तूच. तुझे पैसे मी माझ्या मजुरीतून फेडते."

बटणताईनं डोळे पुसले. "पैसे नकोत मला. संध्याकाळी माझ्याबरोबर चाला."

त्या संध्याकाळी मैदानात दुसऱ्याच फेरीला मावशींना धाप लागली. "अगं बाई, जरा दमानं! मी पहिल्या नंबरावरून थेट तळाला आलेली बाई आहे!" बटणताई कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं हसली.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. फळा केव्हाच निघाला, जादा मजुरीही बंद झाली. माझे भाऊबंद कुणाच्या खणात, कुणाच्या मुलांच्या खेळण्यांत हरवले. माझाही सेल संपला. आता माझ्या तोंडावर एकही आकडा उमटत नाही. तरी मावशी मला रोज खिशात घालतात आणि बटणताईच्या दारात जाऊन हाक मारतात, "चल गं!"

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर त्याला सेल घाला, तो आनंदानं मोजेल. पण शेजारी कुणी एकटं चालून थकलं असेल, तर आधी त्याच्या दारात जा.

रोज फेऱ्या संपल्या की बटणताई विचारते, "किती झाली, मावशी?"

मावशी मला बाहेर काढतात, चष्मा सावरून माझ्या कोऱ्या तोंडाकडे बघतात आणि गंभीरपणे सांगतात, "कालच्यापेक्षा शंभर जास्त."

माझा सेल संपलाय हे बटणताईला ठाऊक आहे. ती म्हणते, "मग उद्या आणखी शंभर."