एका बोटाचा रस्ता

क्लॅरी ट्रेवेनाचा आयुष्यात दोनच वस्तूंवर विश्वास होता : कुंपणाची तार आणि गवताचे भारे बांधायची सुतळी. या दोहोंच्या जोरावर त्याने पाण्याचा पंप, गाडीचा सायलेन्सर आणि एकदा घाईच्या वेळी स्वतःची पँटही जागेवर ठेवली होती. पण पाच वर्षांच्या नातीची, रोमीची, पेंगलेली मान जागेवर ठेवायला यातलं काहीही चालणार नाही, असं त्याच्या मुलीने, ब्रॉनने, फोनवर बजावलं होतं.

"सुतळी नाही, मफलर नाही, उशी नाही. पट्टा खांद्यावरून, पाठ टेकलेली. कलंडली की गाडी थांबवायची आणि सरळ बसवायची. कळलं का, बाबा?"

बजावण्याला कारण होतं. रोमी दर सुट्टी आजोबांकडे काढी. मागच्या सुट्टीच्या शेवटी क्लॅरी तिला ब्रोकन हिल शहरात ब्रॉनकडे पोचवायला गेला, तेव्हा पोर मुलांना उंच बसवणाऱ्या बूस्टर सीटवर अर्ध्या रिकाम्या पोत्यासारखी दुमडलेली होती. खांद्यावरचा पट्टा काखेखालून गेला होता आणि नाक गुडघ्याला टेकायचं तेवढं बाकी होतं. ब्रॉन अपघात विभागात नर्स होती. असा पट्टा लावलेल्या मुलांचं पुढे काय होतं ते तिने पाहिलं होतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर क्लॅरीला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, की पुन्हा असं झालं तर रोमीला सोडायला आणि न्यायला मीच येईन. तिच्या ड्यूट्या पाहता याचा अर्थ नातीची भेट वर्षातून एकदा, तेही जमलं तर.

तसं पाहिलं तर रोमीची जुनी सीट होती. दोन्ही खांद्यांवरून पट्टे येणारी, गच्च धरून ठेवणारी. पण पाचव्या वाढदिवशी ती बाळांची सीट आहे असं रोमीने जाहीर केलं आणि ती ब्रॉनच्या घरामागच्या शेडमध्ये गेली.

या सुट्टीच्या शेवटी, जुलैतल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका थंड सकाळी दोघं क्लॅरीच्या मेंढ्यांच्या रानातून ब्रोकन हिलकडे निघाली. पुढचा रस्ता इतका सरळ होता, की झोप येण्याखेरीज त्यावर दुसरं काही घडत नसे. फाटकातून गाडी बाहेर पडायच्या आत रोमी झोपली आणि पहिल्या कोरड्या ओढ्यापाशी कलंडली. क्लॅरीने गाडी कडेला घेतली, तिला सरळ केलं, पट्टा खांद्यावर आणला. तिने एक डोळा उघडून "आलं?" असं विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबली नाही. पुढच्या खांबापाशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खांबापाशीही तेच. तारेवर बसलेल्या गुलाबी काकाकुव्यांना या थांबण्या-निघण्याची इतकी गोडी लागली, की ते गाडीबरोबर तारेतारेने पुढे सरकू लागले. या वेगाने आपल्या लोकर कातरणीच्या हंगामापर्यंत पोचू, असा क्लॅरीने हिशेब केला.

अशीच एकदा गाडी सुरू केली, तेव्हा समोरून एक ट्रक आला. ट्रकवाल्याने स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं, त्या रस्त्यावरचा हा रामराम. क्लॅरीनेही केलं. रोमी नुकतीच सरळ झाली असल्यामुळे जागी होती.

"कोण होता?"

"माहीत नाही."

"मग बोट का वर केलंस?"

"नाही केलं तर तो घरी जाऊन विचार करत बसेल, आपलं काय चुकलं म्हणून."

हे रोमीला पटलं. आजोबांना गाडी चालवायची असते, तर बोटाचं खातं आपल्याकडे असावं, असं तिने सुचवलं. क्लॅरीने ते तत्काळ देऊन टाकलं. समोरच्या काचेतून येणारी गाडी दिसावी म्हणून रोमी ताठ बसली. पाठ टेकली, पट्टा आपोआप खांद्यावर आला. कुठल्याही सुतळीला जे साधलं नसतं ते एका बोटाने साधलं.

अडचण एकच होती. दुसरी गाडी येईना. रोमीचं बोट तयार होतं, पण पापण्या खाली येऊ लागल्या. क्लॅरीने पुन्हा गाडी कडेला घेतली आणि गाडीतल्या बोलायच्या रेडिओवर हळूच डॉटला हाक मारली. डॉट ही रस्त्याकडेची शेजारीण. सगळ्या मुलखाचं बोलणं ती रेडिओवर ऐके आणि त्यात स्वतःची भर घाली. क्लॅरीने सगळा प्रकार सांगितला, ब्रॉनची अटही सांगितली.

"तू गाडी चालव," डॉट म्हणाली. "रस्त्याचं मी बघते."

पहिल्या फाटकाशी एक शेतकरी ट्रॅक्टर आडवा लावून बोट वर करून बसला होता. त्यानंतर कुंपणाच्या तारा ताणणारा एक गडी भेटला. त्याचं बोट बँडेजमुळे वांग्याएवढं दिसत होतं. रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राने आपलं पातं सावकाश वर उचललं. पुढे लोकर कातरणारे नऊजण तारेला लागून ओळीने उभे होते, प्रत्येकाचं बोट वर, जणू बाईंकडे बाहेर जायची परवानगी मागत आहेत. टोकाच्या माणसाने एका मेंढ्याचा पुढचा पाय वर धरला होता.

"मेंढ्याला बोट नसतं," रोमीने निकाल दिला. मग थोडा विचार करून त्यालाही बोट दाखवलं.

पोलिसांची गाडी समोर दिसली तेव्हा क्लॅरीने सवयीने वेग कमी केला. हवालदाराने दिवा लावला, गंभीर चेहऱ्याने एक बोट उचललं आणि तो निघून गेला. सर्वांत शेवटी डॉट स्वतः. ती अंत्यविधीला घालायची ठेवणीतली टोपी घालून रस्त्याकडेला खुर्ची टाकून विणत बसली होती. तिने एक सुई वर केली. सुई चालणार नाही, असं रोमीचं मत पडलं. पण सुई लांब असल्याने ती चालवून घेतली गेली.

रोमी ताठ, लालबुंद आणि पूर्ण जागी अशी ब्रोकन हिलच्या वेशीत आली.

तिथे सिग्नल लागला. शेजारच्या गाडीतल्या बाईला रोमीने बोट दाखवलं. बाईने काच वर केली.

"ही रागावली आहे का, आजोबा?"

"नाही गं. शहरातली आहे."

आणखी दोघांनी बोटाकडे पाहिलं नाही. मग बोट खाली आलं, आणि त्यामागोमाग डोकं. ब्रॉनच्या घराचं लाल छप्पर कोपऱ्यावरून दिसत होतं. गाडी तशीच न्यावी, फाटकाशी पोचल्यावर गुपचूप सरळ करावं, कोणाला कळणार आहे, असं क्लॅरीच्या मनात आलं. आलं ते बराच वेळ थांबलं. मग त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

रोमीला सरळ केलं की ती कलंडे. रात्रीच्या उरलेल्या नूडल्सलाही तिच्यापेक्षा कणा असेल. शेवटी त्याने ब्रॉनला फोन केला, आम्ही कोपऱ्यावर आहोत पण येत नाही आहोत असं कळवलं, आणि फुटपाथच्या कडेवर बसला.

ब्रॉन घरातल्या सपाता घालूनच आली. तिने उघड्या दारातून दुमडलेली लेक पाहिली, बंद इंजिन पाहिलं, बाप पाहिला.

"इथे का थांबलास?"

"मान पडली."

"घर समोर दिसतंय, बाबा."

"दिसतंय की. पण मान पडली."

"ही आता संध्याकाळपर्यंत उठायची नाही. तोवर बसणार होतास?"

"सँडविच आहे माझ्याकडे."

ब्रॉन त्याच्या शेजारी बसली. अर्धं सँडविच तिने न विचारता घेतलं. मग म्हणाली, की दोष सरळ बसवणाऱ्याचा नाही. झोपेत सावरून बसायला ही पोर अजून लहान आहे. जुनी सीट शेडमधून बाहेर काढावी लागेल. न्यायला-आणायला मी येईन, हे वाक्य ती बोलली नाही. क्लॅरीने त्याची वाट पाहून पाहिली, आणि ते येत नाही अशी खात्री झाल्यावर मगच नातीला खांद्यावर घेतलं.

पुढच्या सुट्टीत तो न्यायला आला तेव्हा रोमीने एका अटीवर बाळांची सीट मान्य केली : बोटाचं खातं तिच्याकडेच राहील. ब्रॉनने दोन्ही खांद्यांवरचे पट्टे घट्ट केले. वेस ओलांडायच्या आत रोमी झोपली, न्यायाधीशासारखी ताठ.

डॉटने मात्र सगळ्यांना आधीच कळवून ठेवलं होतं. खुर्चीवर टोपी होती, तारेला कातरणारे होते, पातं वर होतं. मागच्या सीटवर खात्याची प्रमुख घोरत होती, तेव्हा क्लॅरीने एकट्याने साऱ्या रस्त्याला बोट दाखवलं. मेंढ्यालाही.