लंगड्या पेंद्याचा चेंडू

माझ्या अंगावरचा सोनेरी रंग बघून फसू नका. आतून मी लाल आहे, अस्सल कातड्याचा क्रिकेटचा चेंडू. कृष्णाच्या खेळात लोक मला देवाचा चेंडू समजून हात जोडतात, तेव्हा माझं मलाच हसू येतं.

कातडं, बूच आणि दोरा मिळून माझा जन्म सियालकोटात झाला. तिथून आगगाडीनं मी निजामाच्या मुलखात, जालन्यात आलो. खोक्यातून मला पहिल्यांदा बाहेर काढलं ते टेंभुर्णीच्या भुजंगानं. शेतकरी गडी. त्यानं मला हुंगलं, शिवण चाचपली आणि म्हणाला, "बराबर हाय." तिथंच आमची दोस्ती जमली.

भुजंग जालन्याचा तुफान गोलंदाज. धोतराचा काचा मारून अनवाणी धावत यायचा. टाकण्याआधी मला मांडीवर घासायची त्याला खोड होती. मला चकाकी यायची आणि धोतराला लाल डाग पडायचा. औरंगाबादची इस्त्रीच्या कपड्यांतली मंडळी त्या धोतराला हसायची आणि लगेच मागं वळून आपल्या उडालेल्या दांड्या बघायची. काय मजा यायची म्हणून सांगू.

घरी त्याची बायको सोनूबाई धोतर घेऊन उभीच असायची. "रिठ्यानंबी डाग निघून न्हाई राह्यला. त्या चेंडूशीच लगीन लावायचं व्हतं तुम्ही." मी कोनाड्यात बसून ऐकायचो. रागवायची खरी, पण शेजारच्या सगुणाबाईला तोच डाग कौतुकानं दाखवायची.

आमचं मैदान म्हणजे बैलबाजाराची जागा. बाजार उठला की खुंटे उपटायचे, खड्डे बुजवायचे आणि मग खेळायचं. एका सामन्याला एक खड्डा बुजवायचा राहिला. भुजंगाचा पाय त्यात अडकला आणि गुडघा गेला तो गेलाच. हकीम झाला, मालिश झालं, लंगडणं काही जाईना.

मग भुजंग ओसरीवर बसून राहू लागला. कुणी आलं की पाय धोतराखाली ओढून घ्यायचा. धोतर आता पांढरंशुभ्र असायचं. सोनूबाई ते मुकाट्यानं वाळत घालायची. तिचं ते गप्प राहणं मला सोसवत नव्हतं.

एक दिवस धर्मराजबुवा आले. गावोगाव कृष्णाचे खेळ करणारी त्यांची मंडळी होती. "भुजंगा, आमचा पेंद्या व्हतो का?"

पेंद्या म्हणजे कृष्णाचा लंगडा सवंगडी. भुजंगाला ते झोंबलं. "लंगडा हाय म्हणून इचारून राह्यले का? राजाचं काम द्या."

"राजे चिक्कार हायेत माझ्यापाशी. आष्टीच्या जत्रेत एक खेळ कर. लोकायला पटलं तर तू आमचा, न्हाई तर तुझी ओसरी हायेच."

"जातील ते," सोनूबाई आतून म्हणाली. विषय संपला.

देवाचा चेंडू लाल कसा चालेल, म्हणून बुवांनी मला सोनेरी रंग फासला. पार नवरीसारखं सजवलं मला.

आष्टीत गॅसबत्त्या लागल्या. पेंद्यानं लंगडत यायचं, मला हळूच कृष्णाकडे टाकायचं, कृष्णानं मला काठीनं यमुनेत मारायचं, असं ठरलं होतं. यमुना म्हणजे दोघांनी हलवत धरलेली निळी साडी. कृष्ण झालेला कचरू समोर काठी रोवून उभा राहिला, आणि इथंच घोटाळा झाला. समोर काठी घेतलेला माणूस दिसताच भुजंगानं मला मांडीवर घासलं. मला कळून चुकलं, आता काही खरं नाही.

तो धावत सुटला. हात वरून फिरला. मी काठी चुकवून, यमुना फाडून थेट आत दडून बसलेल्या कालिया नागाच्या पत्र्याच्या फण्यावर आदळलो. "मेलो रे!" म्हणत कालिया वेळेआधीच बाहेर आला.

बुवांनी कपाळ धरलं. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "ओ पेंद्या, तुझं लंगडणं कुठं गेलं?"

आता ओसरी की मंडळी, ते त्याच्या एका वाक्यावर होतं. भुजंगानं दम घेतला. "आजा, देवानं चेंडू मागितला. मंग लंगडायचं ध्यान कुणाला राह्यलं?"

अख्खी जत्रा हसली आणि हसता हसता तिनं हात जोडले. परत जाताना भुजंग लंगडला तो खराखुरा, कळा सोसत. लोकांना वाटलं, काय सोंग वठवलंय. त्यानं या वेळी पाय लपवला नाही.

घरी सोनूबाईनं धोतर उजेडात धरलं. मांडीवर पंजाएवढा सोनेरी डाग. "आता ह्यो कशानं काढू मी?" म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत हसली. ते धोतर तिनं मुद्दाम अंगणात, सगुणाबाईला दिसेल असं वाळत घातलं.

त्याला बरीच वर्षं झाली. आता गावोगाव पेंद्याची धाव बघितल्याशिवाय लोक उठत नाहीत आणि कालिया दोन हात लांब बसतो. माझी शिवण उसवलीय, मी एका बाजूला चेपलोय. बुवा नवा चेंडू घ्यायचं म्हणतात, भुजंग ऐकत नाही.

बुवा, माझं एकच मागणं आहे. खेळाआधी मला रंग देताना हात आखडू नका. घरी सोनूबाई वाट बघत असते.