ओळख कुणाची नाही

नोकऱ्या मिळवून देणाऱ्या त्या कंपनीत नव्या पोरांना तयार करायचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे पाठीमागे हेडमास्तरीण म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, फोनवर 'हॅलो'च्या पुढे अडखळणारी मुलं ती निवडायची आणि बघता बघता पोपटासारखी बोलती करायची.

"पन्नाशीच्या पुढचा माणूस लागला, की गोड बोलून फोन ठेवायचा," ती शिकवायची. "'तुमची माहिती आमच्याकडे आहे, जागा निघाली की कळवू.' मागे लागला तरी वाक्य बदलायचं नाही. तोही दुखावत नाही, आपलाही वेळ जात नाही."

नव्या तुकडीत बारीक आवाजाची एक मुलगी होती, तिचं नाव चिमणी पडलं. चिमणीला कुणाला तोडताच यायचं नाही. लोक तिला गुडघेदुखीपासून सुनेच्या तऱ्हांपर्यंत सगळं ऐकवत बसायचे. "असंच चाललं तर दुसरं काम बघ," असं हेडमास्तरणीने तिला सर्वांदेखत सुनावलं आणि खुर्ची ओढून, जोडीचा हेडफोन कानाला लावून तिच्या शेजारीच बसली.

पुढचाच फोन लागला. पलीकडून "हां, बोला" ऐकू आलं आणि हेडमास्तरणीने आवाज लगेच ओळखला. दादा! तिचा सख्खा मोठा भाऊ. तिच्या पहिल्या मुलाखतीच्या वेळी बाहेर बाकावर बसून राहिलेला. तो ज्या कारखान्याचं गोदाम सांभाळायचा, तो बंद पडायला आलाय असं मागे म्हणाला होता. पुढे काय झालं, हे तिने विचारलंच नव्हतं.

"वय किती, काका?"

"बावन्न. पण गोदामातलं काहीही विचारा. कॉम्प्युटरही शिकतोय."

"आमच्याकडे कुणाच्या ओळखीने अर्ज केलात?"

"नाही हो. ओळख कुणाची नाही."

चिमणीने बावरून शेजारी पाहिलं. आजूबाजूची पोरं माना वळवून बघत होती. हेडमास्तरीण एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. पण तिने नुसती मान हलवली, चालू दे म्हणून.

चिमणीने वाक्य म्हटलं.

"निदान एकदा येऊन भेटू का?" दादाने विचारलं.

चिमणीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"बरं, बेटा. उगीच तुझा वेळ घेतला."

"जमलं ना, मॅडम?" चिमणीचा चेहरा खुलला होता.

"छान," ती म्हणाली, आणि मेल्याहून मेल्यासारखं होऊन जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. तो टेबलफॅन उघडून बसला होता. इकडचं तिकडचं झालं, फोनचं त्याने काही काढलं नाही. शेवटी तिलाच राहवेना.

"दादा, माझं नाव का नाही सांगितलंस?"

त्याचा हात थांबला. "तुला कसं कळलं?"

"मी ऐकत होते."

त्याने पंख्याचं पातं पुसायला घेतलं. "म्हटलं, हाताखालच्या पोरांसमोर तुला खाली बघायला लागू नये."

तू का बोलली नाहीस, हे त्याने विचारलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. वहिनीने पुढे ठेवलेला चहा तसाच ठेवून ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिने तुकडीला सांगून टाकलं, "काल फोनवरचा तो बावन्न वर्षांचा माणूस माझा भाऊ होता."

चिमणी रडवेली झाली. "मॅडम, तुम्ही मान हलवलीत म्हणून मी..."

"चूक तुझी नाही. माझी आहे. ते वाक्य आजपासून बंद. जागा नसेल तर सरळ नाही म्हणायचं. असेल तर आधी काम विचारायचं, वय नंतर."

फोन लांबायला लागले. वरचे साहेब कुरकुरले. तिने ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

दादासाठी तिने स्वतः एका गोदामवाल्याकडे शब्द टाकला. तो दादाला भेटायला तयार झाला. तिने उत्साहाने फोन केला, तर दादा हळूच म्हणाला, "राहू दे गं. मी बघतो माझं."

पुढे त्याला काम लागलं, दुसऱ्याच एका कंपनीमार्फत. तिला ते वहिनीकडून कळलं. अभिनंदन करायला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "अगं, तुला सांगणारच होतो."

"हो, माहितीये," ती म्हणाली. तो सांगणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.