बुधवारची सोंगं

मी हेल्मेट बोलतोय. मोटारसायकलवाल्याचं नव्हे, फुटबॉलवाल्याचं. आमच्या या तळ्याकाठच्या थंड शहरात फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचं, फेकायचा आणि त्यापायी एकमेकांना आडवं करायचं. चेंडू आधी ज्याच्या हाती येतो आणि पुढे कुणाकडे द्यायचा हे जो ठरवतो, तो क्वार्टरबॅक. मी त्याचं हेल्मेट. खरं सांगायचं तर त्याचंही नव्हे, त्याच्या बदलीचं. पहिला पडला तर याने उभं राहायचं, नाही पडला तर बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. स्वभावाने मी घाबरट आहे. दुसऱ्याचं डोकं सांभाळायचं काम ज्याच्याकडे आहे त्याने घाबरट असावंच, असं माझं मत.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मला पहिल्यांदा लोखंडावर आपटून पाहिलं. बारशाआधीच मार. फुटलो नाही, म्हणून आत मऊ गाद्या बसवल्या, पुढे जाळी लावली, कानापाशी एक एवढासा स्पीकर बसवला आणि मागे हिरवा टिकला चिकटवला. मैदानावर हिरवा टिकला ज्याच्या डोक्यावर, त्याच्याच कानात बाहेरून कोचचा आवाज येतो. पण त्या आवाजालाही वेसण आहे. चाल सुरू करायला पंधरा सेकंद उरली की आवाज आपोआप बंद पडतो, कोच अर्ध्या वाक्यात असला तरी. मग आत उरतो तो एकटा डोकेवाला. त्या शांततेची मला पहिल्यापासून धास्ती आहे.

माझा पहिला मालक लॉसन प्रूइट नावाचा पोरगा. साहित्य सांभाळणारा ओटिस माझ्या कपाळावर पांढरी पट्टी चिकटवून त्याचं नाव लिहून गेला, आणि मला वाटलं, आता जन्माची सोबत झाली. ऑगस्टच्या उन्हात आम्ही घाम गाळला. एका सकाळी बोळातून एक माणूस आला आणि म्हणाला, "प्रूइट, कोचने बोलावलंय. टॅबलेट घेऊन ये." संघाच्या सगळ्या चाली त्या टॅबलेटमध्ये असतात. तो परत मागितला म्हणजे घरचा रस्ता धरा. प्रूइट मला निरोप द्यायलाही आला नाही. ओटिसने नखाने पट्टी सोलून काढली. तेव्हापासून बोळात बुटांचा आवाज आला की माझ्या गाद्या आखडतात.

मग एमरी गिड्री आला. दक्षिणेकडच्या दलदलीच्या मुलखातला, बाप कोळंबीच्या बोटीवर. मला डोक्यावर चढवण्याआधी तो माझ्या टाळक्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठकठक करायचा. त्याचा बाप बोट पाण्यात लोटण्याआधी तिच्या लाकडावर तसंच ठोठावतो म्हणे. मला ते आवडायचं. कुणीतरी आपली परवानगी घेतंय असं वाटायचं.

आता बुधवारचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. सामना रविवारी. त्याआधी आमच्या बचाव करणाऱ्यांना सराव हवा, तर समोर कुणीतरी येत्या रविवारचा शत्रू बनून उभं राहायला हवं. हे काम बदलीच्या क्वार्टरबॅकचं. एमरी सोमवार-मंगळवारी शत्रूच्या क्वार्टरबॅकच्या जुन्या सामन्यांच्या फिती पाहायचा आणि बुधवारी हुबेहूब तो व्हायचा. एक चाल सुरू करण्याआधी बोटं चाटायचा, एक डावीकडेच पळायचा, एकाची हाक कुत्रं भुंकल्यासारखी तुटक. या हाकेला मोठं महत्त्व. पुढे वाकून बसलेले पाच धिप्पाड गडी क्वार्टरबॅकच्या हाकेवरच उठतात. जरा आधी हलले तर दंड म्हणून पाच यार्ड मागे.

एमरी असा बहुरूपी निघाला की बचावाचे गडी हसून लोटपोट व्हायचे. तो आला की विचारायचे, आज कोण आलंय पाहुणा? रविवारी जिंकलो की त्याची पाठ थोपटायचे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. एमरीला बहुधा तेही जमलं असतं. जमत नव्हतं ते एकच, स्वतःचं.

हे माझ्या एकट्याच्या लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं. क्वार्टरबॅकांचे कोच पुलास्की यांच्याही आलं. एमरीचं हे तिसरं वर्ष, करार या हंगामाबरोबर संपणारा. मी बाकावर पालथा पडलो होतो, त्यांना काय माहीत मला ऐकू येतं. सोबतच्या माणसाला म्हणाले, "पोरगा गुणी आहे. कुणाचाही खेळ खेळून दाखवतो. पण उद्या याच्या हातात संघ द्यायचा, तर नक्की कुणाच्या हातात देतोय आपण? मार्चमध्ये दुसरा बघू." मला तोंड असतं तर मी एमरीला ओरडून सांगितलं असतं. आमच्या जातीचं दुर्दैव असं की कान आहेत, जाळी आहे, तोंड नाही.

आमचा पहिला क्वार्टरबॅक ग्रँट कार्मोडी. दाढीत पांढरं दिसू लागलेलं, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र तरतरीत. एमरी एकदा त्याला विचारत होता की आपण पुरते क्वार्टरबॅक झालो हे कळतं तरी कसं. कार्मोडी पायाला बर्फ बांधत म्हणाला, "सोपं आहे. एखाद्या बुधवारी दुसऱ्या गावातला पोरगा तुझं सोंग घेऊन उभा राहिला, की समज झालास. तोवर आपण नुसते पगारी." एमरी हसला. पण मी त्याच्या डोक्यावर होतो, आणि त्याच्या कानशिलाची शीर उडत होती ती मला कळत होती.

एकदाच मी एमरीचा स्वतःचा आवाज ऐकला. सराव संपून सगळे जेवायला गेले होते. हा रिकाम्या मैदानावर एकटा चेंडू घेऊन उभा राहिला आणि त्याने एक लांब, खालच्या पट्टीतली, सावकाश हाक दिली. घाई म्हणून नाहीच तिला. संध्याकाळी एका बोटीवरून दुसऱ्या बोटीला देतात तशी. मग चेंडू फेकला, आणि तो इतका सरळ गेला की मी चकित झालो. पण यानेच इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून, आणि मुकाट्याने मला काढून काखेत मारलं.

डिसेंबरातला सामना. तळ्यावरून असा वारा येत होता की नाकातलं पाणी गोठत होतं. बाकापाशी गरम हवेचे खुंट असतात, खेळणाऱ्यांची हेल्मेटं त्यावर ऊब घेत बसतात. मी नेहमीसारखा खाली फळीवर. मला कोण ऊब देणार? मध्यंतर होऊन गेल्यावर कार्मोडीवर दोन गडी एकदम कोसळले. तो उठला तेव्हा त्याचा उजवा हात लोंबत होता. पुलास्कींनी मागे वळून फक्त "गिड्री" म्हटलं. एमरीने मला उचललं. ठकठक करायला विसरला. त्याचे कान गरम होते आणि मी बर्फाचा गोळा, तो दचकला ते मला कळलं. फार अपराधी वाटलं.

कोचचा आवाज आला, चाल सांगितली, बंद पडला. एमरी पुढे झाला आणि हाक दिली. तुटक, कुत्रं भुंकल्यासारखी.

ती आमची हाक नव्हती. समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकची होती. बुधवारभर, गुरुवारभर तीच घोटली होती, तीच तोंडातून आली. आमचे पाच गडी गोंधळून भलत्याच वेळी उठले. शिट्टी वाजली. पाच यार्ड मागे. समोरच्या संघातले ओळखीची हाक ऐकून पोट धरून हसायला लागले. आमचा मधला गडी बोझिच, चेंडू मागे देणारा, डोंगराएवढा माणूस, वळून म्हणाला, "गड्या, जेवतोस आमच्या घरी आणि हाक शेजाऱ्याची देतोस होय?"

एमरीचं सगळं रक्त डोक्यात आलं. पुढचा चेंडू त्याने थेट शत्रूच्या हातात दिला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ज्यांनी सकाळी गेटाशी सॉसेज खाताना कार्मोडी म्हातारा झाला, नव्याला आणा म्हणून वाद घातला, तीच ही माणसं. माणसांना नवं हवं असतं, पण ते जुनं होऊन आलेलं हवं असतं.

बाकावर कार्मोडी हात गळ्यात बांधून बसला होता. एमरी शेजारी बसला, मला मांडीवर धरून. मग म्हणाला, "मला आठवतच नाही, मी कसा खेळतो ते."

कार्मोडीने मैदानावरची नजर काढली नाही. "मग चुकून बघ," तो म्हणाला. "पण चुकायचंच आहे तर तुझी चूक कर. लोकांच्या चुका कशाला उसन्या आणतोस?"

एमरीने मला डोक्यावर चढवलं. या वेळी दोनदा ठकठक केली. मला रडू आलं असतं, पण त्या थंडीत ते परवडलं नसतं.

आमचे गडी गोल करून उभे राहिले. एमरी म्हणाला, "आता हाक माझी येईल. सावकाश. ऐकू येईपर्यंत कुणी हलू नका."

"किती सावकाश?" बोझिचने विचारलं.

"माझे पप्पा बोटीवरून देतात तेवढी."

"मी तुझ्या पप्पांना ओळखतो का?"

"आता ओळखशील."

कानात पुलास्कींचा आवाज चालू होता. उजवीकडे फेक, घाई करू नकोस, उजवीकडच्या माणसावर नजर ठेव, आणि जर तो... आणि आवाज तुटला. ती शांतता आली. मी जाळी घट्ट मिटून घेतली असती, मिटता आली असती तर. एमरीने समोर पाहिलं. डाव्या अंगाला शत्रूचा एकच गडी उरला होता. एमरीने हात वर करून चाल बदलली, वाकला आणि ती हाक दिली. लांब, खालच्या पट्टीतली. तिचा शेवट काही केल्या येईना. आमचे पाचही जण दगडासारखे बसून राहिले. समोरचा एक धिप्पाड गडी मात्र वाट बघून बघून कंटाळला आणि आधीच उडी मारून बसला. शिट्टी. या वेळी पाच यार्ड मागे ते.

"तुझे पप्पा आवडले मला," बोझिच खालूनच म्हणाला.

त्यानंतर आम्ही पुढेच सरकत राहिलो. शेवटची फेक डावीकडे गेली, त्या रिकाम्या मैदानावर गेली होती तशीच, सरळ. आमचे गुण लागले. सामना तरीही आम्ही एका गुणाने हरलो, कारण त्याने आधी शत्रूच्या हातात दिलेला चेंडू काही कुणी परत आणून देणार नव्हतं. लोक मफलर गुंडाळून, कुरकुरत घरी गेले.

सोमवारचा दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. एमरी कपाटापुढे बसून एकच बूट पुन्हापुन्हा बांधत होता. वडिलांचा फोन आला, त्यांना म्हणाला, हरलो पप्पा, बाकी अजून काही कळलं नाही. आणि तेवढ्यात बोळात बूट वाजले. तोच माणूस, तीच चाल. तो येऊन आमच्याच कपाटापाशी थांबला.

"गिड्री, कोचने बोलावलंय."

एमरी उठला. आम्ही दोघेही पुढच्या वाक्याची वाट पाहत होतो. त्या माणसाने घड्याळ पाहिलं, जांभई दिली आणि निघून गेला. टॅबलेटचं नाव नाही. एमरी मटकन खाली बसला, मग धावत गेला.

परत आला तेव्हा ओटिस त्याच्या डोक्याला फीत लावून मापं घेऊ लागला. पहिल्या क्वार्टरबॅकला त्याच्या मापाचं नवं हेल्मेट मिळतं, ही पद्धत. हे मला ठाऊक होतं हो. एमरी पहिला व्हावा, हे एकच मागणं तीन वर्षं देवाकडे मागत आलो आणि ते पुरं झालं तर आपलं काय होणार, याचा विचार म्हणून कधी केला नाही. एमरीने जाताना मला हातात घेतलं, कपाळावरची नावाची पट्टी स्वतः सोलली आणि टाळक्यावर दोनदा ठकठक केली. या वेळी डोक्यावर मात्र घेतलं नाही.

आता माझ्या आत नव्या पोराचं डोकं आहे. जोना विट त्याचं नाव, परवाच विमानातून उतरला, अजून त्याला जेवणघर सापडत नाही. काल बुधवार होता. तो येत्या रविवारच्या शत्रूचं सोंग घेऊन उभा राहिला. पलीकडच्या मैदानावर आमचे खरे खेळणारे सराव करत होते, आणि तिकडून ती लांब, सावकाश हाक आली. आजवर मी तिच्या आत होतो, बाहेरून कशी वाटते ते पहिल्यांदाच ऐकलं.

सराव संपल्यावर कार्मोडी, हात गळ्यातच, एमरीपाशी येऊन उभा राहिला. येत्या रविवारच्या संघात त्याचा एक जुना दोस्त आहे. त्याचा फोन आला होता म्हणाला. त्यांच्या बदलीच्या पोराला सकाळपासून एक हाक जमत नाहीये, त्यांचे गडी सारखे आधीच उड्या मारतायत, कोच वैतागलेत. "विचारत होता," कार्मोडी म्हणाला, "की तो तुमचा पोरगा एवढा वेळ श्वास कुठून आणतो?"

एमरीने काखेतलं नवं हेल्मेट पुढे घेतलं आणि कपाळावरच्या पट्टीवरचं आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं.

रविवारी काय होईल, मला माहीत नाही. तो पडेल, चुकेल, लोक हुर्यो उडवतील, मार्चमध्ये कदाचित दुसरा बघतीलही. माझी धास्ती काही गेलेली नाही. उलट आता वाढली आहे, कारण ते डोकं सांभाळायला मी तिथे नाही. म्हणून स्टँडमध्ये बसणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हात जोडून, म्हणजे जाळी वाकवून, एवढंच सांगतो, की त्याची हाक जरा लांबते. ती संपेपर्यंत थांबा.

आणि त्या दुसऱ्या गावात, थंड फळीवर पालथं पडलेल्या माझ्या भावा, तुझा पोरगा काल दिवसभर आमच्या एमरीचं सोंग घेऊन उभा होता ना? त्याला सांगता आलं तर सांग, ती हाक घशातून येत नाही. आधी टाळक्यावर दोनदा ठकठक करावी लागते.