सापडलेला सेवेरिनो

माझा भाऊ सेवेरिनो हरवला होता, हे मला तो सापडला तेव्हा कळलं.

शहात्तराव्या वर्षी सापडला. शोधणारा हॉलंडचा यूस्ट, घामानं निथळणारा, रेकॉर्डी काढणारा माणूस. "हवानाच्या गल्ल्या पालथ्या घालून मी हा विसरलेला पियानोवाला शोधला," असं त्यानं तिकडच्या पेपरांत सांगितलं. पालथं कसलं घालतो? कोपऱ्यावरच्या न्हाव्याला विचारलं, न्हाव्यानं आमच्या बाल्कनीकडं बोट केलं. सेवेरिनो तिथं नुसत्या बनियनवर उभा राहून चादरी वाळत घालत होता.

तरुणपणी तो कॅबरेत वाजवायचा. गोरी गिऱ्हाइकं पुढच्या दारानं आत जात, आमच्यासारखे काळे वादक मागच्या. क्रांती झाली, पुढचं दार आम्हालाही उघडलं, आणि काही वर्षांनी कॅबरेच बंद पडलं. मग संस्कृती खात्यातले अर्खेलियोसाहेब म्हणाले, "कॉम्रेड, तुमच्या बोटांत जुना चंगळवाद आहे." त्यांनी त्याला मुलींच्या जिम्नॅस्टिकच्या शाळेत धाडलं. मुली कोलांट्या मारायच्या, हा वाजवायचा. पेन्शन येईपर्यंत हेच. घरच्या पियानोचा फडशा वाळवीनं पाडला.

यूस्टनं स्टुडिओ घेतला. पहिल्याच दिवशी दुभाषी मुलीकरवी सांगितलं, "आजोबा, जरा हळू. लोकांना रडू यायला हवं."

"त्याला म्हणावं, रडायचं काम त्यांचं. माझं वाजवायचं," सेवेरिनो म्हणाला.

मग फोटो. मी पांढरा सदरा कडक इस्त्री करून दिला होता. यूस्टनं तो उतरवून कॉलर विरलेला जुना घालायला लावला आणि तोंडात सिगार खुपसला. भावाला दमा. फोटोत डोळे भरून आलेत ते खोकल्यानं. पण तिकडच्या लोकांना त्यात आख्ख्या बेटाचं दुःख दिसलं, आणि रेकॉर्ड तुफान खपली.

आम्हाला अॅमस्टरडॅमला नेलं. औषधांची पिशवी सांभाळायला मीही होते. कार्यक्रम संपला तसं सगळं सभागृह उभं राहिलं. पडद्यामागं आल्यावर सेवेरिनोनं माझा दंड धरला.

"ताई, सगळे ऐकत होते गं. कुणी उड्या मारत नव्हतं."

मी पिशवीतून त्याची दम्याची गोळी काढली.

एका बातमीदारानं विचारलं, "एवढी वर्षं संगीताविना कशी काढलीत?"

"संगीताविना? रोज सकाळ-दुपार वाजवत होतो की, मुलींच्या कोलांट्यांना!"

दुभाषी मुलीनं यूस्टकडं पाहिलं आणि भाषांतर केलं: संगीत माझ्या हृदयात जिवंत होतं. बातमीदारानं रुमाल काढला.

परतलो तर इथं सत्कार मांडलेला. बिल्ला लावायला कोण, तर अर्खेलियोसाहेबच, आता टकलू. म्हणाले, "हा हिरा आम्ही जपला."

"खरंय," सेवेरिनो माइकवर म्हणाला. "इतका जपला की पेटीतून बाहेरच काढला नाही."

लोक हसले. साहेबांनी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. मुरलेला माणूस.

दुसऱ्या रेकॉर्डीच्या वेळी यूस्टनं पुन्हा तो विरलेला सदरा मागितला. सेवेरिनो म्हणाला, "त्याचं मी फडकं केलं." आणि वाजवलं ते असं सुसाट, की ढोलकवाला धापा टाकू लागला. यूस्ट गोड हसला, निघून गेला, आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सांतियागोत, त्याला दुसरा एक म्हातारा सापडला. चौऱ्यांशी वर्षांचा, एका डोळ्यानं अधू. तोही हरवला होता म्हणे.

भावाला वाईट वाटलं. मग पदरात पडलेल्या पैशांतून त्यानं एक जुना पियानो घेतला. जिन्यातून जाईना, म्हणून दोर लावून बाल्कनीतून चढवला. निम्मी गल्ली ओढत होती, निम्मी अक्कल शिकवत होती.

खालच्या मजल्यावरची मिग्दालिया सत्काराच्या वेळी टीव्हीवर रडली होती: सेवेरिनोचा पियानो म्हणजे आमच्या घराचा श्वास. तिसऱ्या दिवशी ती वर आली.

"दुपारचं तरी झोपू दे रे बाबा. छताचा गिलावा माझ्या भातात पडतोय."

"भात झाकून ठेव," सेवेरिनो म्हणाला, आणि मान वर न करता वाजवत राहिला.