दमाची नळी

फोन आला तेव्हा मी एका घरात सिंकखाली आडवा पडलो होतो आणि माझे दोन्ही हात पाइपाच्या सांध्यात होते. त्या घरच्या बाईंनी फोन उचलून माझ्या कानाला लावला. नंबर बायकोचा होता, आवाज पुरुषाचा. "या बाईंचे तुम्ही कोण?" मी म्हटलं, "नवरा." पलीकडचा माणूस पोलीस होता. त्यानं जे सांगितलं ते फोन धरून बसलेल्या बाईंनीही ऐकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "सिंकचं राहू द्या. आज आम्ही बाहेर भांडी धुऊ."

माझी बायको पडदे शिवायची आणि स्वतः लोकांच्या घरी जाऊन बसवायची. त्या दिवशी डोंगरापलीकडे कुणाकडे पडदे लावायला निघाली होती. चढावर गाडीनं दम टाकला. पुन्हा चालू होणार नाही या भीतीनं असेल, तिनं इंजिन बंद केलं नाही. खाली उतरून ती मागे धोक्याचा लाल त्रिकोण ठेवत होती. गाडी इतका धूर ओकत होती की वळणावरून आलेल्या ट्रकवाल्याला गाडी दिसली नाही आणि बाईही दिसली नाही. पोलीस चौकीत तो डोकं धरून बसला होता. "धूर होता हो, नुसता धूर," एवढंच परत परत म्हणत होता. मला त्याचा राग आला नाही. माझ्या डोक्यात धूर राहिला. गाडीत थोड्याच दिवसांपूर्वी इंजिनात जोरानं हवा भरणारा नवा टर्बो बसला होता, मग धूर आला कुठून?

टर्बो बसवला होता मेव्हण्यानं. बायकोचा हा धाकटा भाऊ, त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्या दिवसांत सगळी धावपळ त्यानंच केली. इस्पितळ, पोलीस, पाहुणे, सगळं त्यानं बघितलं. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांच्या उशाशी रात्री तोच बसला. मी त्याचं वागणं बघत होतो. तो माझ्याशी सगळं बोलायचा, फक्त गाडीचं सोडून. आणि पोलिसांनी गाडी सोडली त्या दिवशी मला म्हणाला, "दाजी, ती गाडी दारात नको. आईला बघवणार नाही. मी उद्या उचलून भंगारात देतो."

"एवढी घाई कशाला?" मी विचारलं.

"घाई नाही. पण ठेवून काय करणार?"

मी गाडी नेऊ दिली नाही. त्या क्षणापासून मला वाटायला लागलं की यानं काहीतरी केलंय. नव्या टर्बोच्या नावाखाली जुना बसवला असेल, नाहीतर काम घाईत उरकलं असेल. तो घरी जेवायला आला की मी त्याचे हात बघायचो, काही बोलायचो नाही. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. एकदा वाढता वाढता म्हणाल्या, "तुम्ही दोघं काय मौनात बसलाय का? मला आता तोंडं दोनच उरलीत बघायला. तीसुद्धा मिटलेली."

त्यांच्या या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गाडी टोचन करून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेली. कुठे नेली ते मेव्हण्याला आणि त्याच्या ओळखीच्यांना कळू नये म्हणून इतकी लांब. तिथे एक म्हातारा फिटर आहे. त्याला सगळे फुंक्या म्हणतात, कारण कुठलीही नळी हातात आली की तो आधी तोंडानं फुंकून बघतो. पेट्रोलच्या नळ्यासुद्धा. मी त्याला बायकोचं काही सांगितलं नाही. धूर कशाचा आहे तेवढं शोधून द्या म्हटलं.

"मागून कुणी ठोकली?" त्यानं विचारलं.

"ट्रकनं."

"आणि धुराचं विचारताय? बरं, तुमची गाडी, तुमची हौस."

त्यानं इंजिन चालू केलं. आधी थोडाच धूर आला. मग त्यानं रेस दिली आणि शेडभर निळसर ढग झाला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला तिथं उभं राहवेना. फुंक्या आतून ओरडला, "निळा म्हणजे तेल जळतंय! काळा असता तर डिझेल जास्त, पांढरा असता तर पाणी. पळताय कुठं? धुरानं कुणी मरत नाही!"

धूर ओसरेपर्यंत मी बाहेरच थांबलो.

"टर्बो नवा आहे," मी आत येऊन म्हटलं. "नवा म्हणून सांगितलंय तरी."

"टर्बो, टर्बो! धूर दिसला की सगळ्यांच्या तोंडी टर्बो. सासूला ताप आला तरी टर्बो बदलतील." त्यानं टर्बोच्या तोंडाची मोठी नळी काढली आणि दोन बोटांनी आतला दांडा वर-खाली ढकलून बघितला. "हलत नाही. पाती कुठं घासलेली नाहीत. नवाच आहे हो. ज्यानं सांगितलं त्यानं फसवलेलं नाही तुम्हाला."

मग त्यानं टर्बोच्या पुढची नळी सोडली तर आतून तेलाची धार लागली. मला वाटलं, सापडला. म्हटलं, "बघा, टर्बोच गळतोय."

"तुमचा धंदा काय?"

"प्लंबर."

"मग तुम्ही तरी असं बोलू नका. छताला ओल दिसते म्हणून तुम्ही छत फोडता का? टर्बोत तेल वरून दाबानं येतं आणि खालच्या नळीतून आपसूक इंजिनात उतरतं. खाली उतरायला जागा नसेल तर ते बाजूनं वाट काढणार." त्यानं ती खालची नळी खोलली. मला माहीत होतं की काही मिस्त्री जोडाला पेस्ट थापतात आणि ती आत फुगून नळी अर्धी बुजते. मी वाकून बघत होतो आणि ती बुजलेली असू दे असं मनात म्हणत होतो. फुंक्यानं नळी तोंडाला लावली, फुंकली आणि माझ्याकडे वळवली. आरपार उजेड दिसला.

"काम बघा किती स्वच्छ आहे. पेस्टचा एक थेंब आत नाही. हा माणूस कोण आहे? त्याला माझ्याकडे पाठवा, मी माझी गादी त्याला देतो."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोष त्याचा निघेल म्हणून मी आलो होतो.

फुंक्यानं सगळं परत जोडलं आणि पुन्हा इंजिन चालू केलं. तेल भरायचं झाकण सैल केलं तर ते कुकरच्या शिट्टीसारखं थडथडायला लागलं. तेल मोजायची पट्टी आपोआप वर सरकली आणि भोवती तेलाचे बुडबुडे आले. त्यानं लगेच बंद केलं. "इंजिनात हवा कोंडलीय. दमाची नळी कुठं आहे याची?"

इंजिनाच्या पोटात साठणारी हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला तो दमाची नळी म्हणतो. आमच्या धंद्यातही तसं असतं. सांडपाण्याच्या उभ्या पाइपाला गच्चीवर हवेचं तोंड ठेवतात. ते बुजलं की खालच्या मजल्यावर सिंकमधून घाण उलटी येते. त्यामुळे पोटात हवा कोंडली की टर्बोतलं तेल खाली उतरणार नाही, हे मला सांगावं लागलं नाही. फुंक्या गाडीखाली सरकला आणि नळी चाचपत गेला. मग म्हणाला, "इकडे या. हे बघा आधी."

नवा टर्बो तेलकट होऊ नये म्हणून दमाची नळी टर्बोपासून सोडवून गाडीखाली मोकळी सोडली होती. काही मिस्त्री असं करतात. त्या नळीचं टोक मात्र कुणीतरी दुमडून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलं होतं.

"हे कुठल्या गाढवानं केलं? माणसाचं नाक-तोंड बांधून त्याला डोंगर चढायला सांगितलं!" तो पट्टी कापायला निघाला. मी त्याचा हात धरला. नळी वरून कापायला लावली आणि दुमडलेलं टोक गाठीसकट काढून घेतलं.

ती गाठ मी ओळखली होती. माझ्या सासऱ्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दोन्ही मुलं ट्यूबच्या पट्ट्यांवरच वाढली. आमच्या घरात कढईचा दांडा, पडद्याचे बांबू, शिलाई मशिनचा पाय, सगळं तशाच पट्टीनं बांधलेलं आहे. पट्टी ताणून एकावर एक वेढे द्यायचे आणि टोक शेवटच्या वेढ्याखाली खुपसायचं. काहीही सुटलं, हललं, गळायला लागलं की या घरच्या माणसाचा हात आधी ट्यूबकडे जातो. दुसऱ्या कुणी ती नळी बांधली नसती. पण बहीण आणि भाऊ, दोघांच्या गाठी माझ्या डोळ्यांना सारख्याच.

टर्बो बसवल्यानंतर त्या मोकळ्या नळीतून आवारात तेल ठिबकायचं. खालच्या मजल्यावरचे आजोबा कुरकुर करायचे म्हणून बायकोनं गाडीखाली पुठ्ठा टाकला होता. मग एका सकाळी तिनं पुठ्ठा उचलून फेकला आणि म्हणाली, "मिटलं एकदाचं. आता नाही ठिबकत." कसं मिटलं ते मी विचारलं नव्हतं.

मी तिथून सरळ मेव्हण्याच्या गॅरेजात गेलो. तो एका चाकाशी बसला होता. मी नळीचा तुकडा त्याच्यासमोर धरला. त्यानं बघितला आणि पाना खाली ठेवला.

"मी बांधली," तो म्हणाला. मी काही विचारायच्या आत.

"कधी?"

"टर्बो बसवला तेव्हाच."

"खोटं बोलू नको. त्यानंतर पुठ्ठाभर तेल पडत होतं."

त्यानं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "नंतर बांधली. ताई म्हणाली ठिबकतंय, म्हातारा ओरडतोय. येऊन बांधून गेलो."

"दम कोंडेल हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग मिस्त्री असून बांधलीस?"

"दाजी, मीच बांधली म्हणतोय ना! अजून काय लिहून देऊ? मारायचं तर मारा."

"भंगाराची घाई म्हणूनच होती तर."

"पोलिसांच्या आवारात मी बॉनेट उघडलं होतं," तो म्हणाला. "नंतर खाली वाकून बघितलं. तुम्ही बघू नये असं वाटलं."

"मी काय बघू नये? तुझी चूक की तिची?"

त्यानं पाना उचलला आणि आधीच घट्ट असलेला नट आवळत बसला. इतकी स्वच्छ नळी जोडणारा माणूस असली गाठ मारणार नाही, असं मला वाटत होतं. बहिणीची चूक तो अंगावर घेतोय. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की मी नेमका असाच विचार करावा म्हणून त्यानं इतक्या झटकन कबूल केलं. नातं जपण्यापायी खोटं बोलणारा माणूस आणि स्वतःला वाचवणारा माणूस, दोघं मला एकाच तोंडात दिसत होते.

संध्याकाळी घरी आलो तर सासूबाई फरशी पुसायच्या काठीची सैल झालेली पट्टी काढत बसल्या होत्या. मी हातपाय धुऊन बाहेर आलो. त्या काठीकडे बघूनच म्हणाल्या, "ही त्यानं बांधलेली. तिची अशी नसते."

"कशावरून?" मी विचारलं. "मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

"आईला विचारता होय? लहानपणी दोघांच्या बुटांच्या नाड्या मी सोडल्यात. अंधारात हात लावला तरी सांगेन." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय झालं? पोराशी भांडून आलात का?"

"नाही."

"येणार आहे ना जेवायला?"

"येईल," मी म्हटलं.

तो आला. मान खाली घालून जेवला. सासूबाईंनी त्याला दोनदा वाढलं आणि हात धुताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला. नळीचा तुकडा त्या वेळी दाराशी माझ्या हत्यारांच्या पिशवीत होता. तो त्यांच्या हातात दिला तर दोन पोरांपैकी एकाचं नाव त्यांनाच घ्यावं लागेल, एवढंच मला दिसत होतं. माझा संशय तेवढ्यानं मिटेल हे खरं. पण त्यांच्या पोरांपैकी एक मेलंय आणि दुसरं समोर जेवतंय.

तो अजून रोज येतो. आम्ही हवापाण्याचं बोलतो. गाडी फुंक्याच्या शेडमध्ये आहे. नवी नळी कधी बसवू म्हणून फुंक्या विचारतो आणि मी नंतर सांगतो म्हणतो. तुकडा पिशवीत आहे. मी तो सासूबाईंच्या हातात दिलेला नाही.