फायलींची इर्जिक

शिरूरचं कॉलेज आणि दौंडचं कॉलेज म्हणजे एकाच संस्थेच्या दोन लेकी. दोघींचं अभ्यासाचं पोर्टल एकच, आणि ते आता पार थकलेलं. नोट्स उघडायला गेलं की आधी धापा टाकायचं, मग गोल गोल फिरायचं, आणि तोवर पोरं कंटाळून वडापाव खायला निघून जायची. म्हणून संस्थेनं नवं पोर्टल घेतलं आणि हुकूम सोडला. शनिवारी संध्याकाळी पाचला जुनं बंद. त्याच्या आत ज्यानं त्यानं आपल्या विषयाच्या फायली नव्या घरी न्याव्यात. राहिल्या त्या गेल्या.

हुकमाला एक शेपूटही होतं, आणि त्या शेपटाचा फटका बसला तो नेमका सुलक्षणाला. नव्या पोर्टलवर पहिल्या आठवड्यात ज्या ऐच्छिक विषयाला चाळीस नावं लागणार नाहीत, तो विषय बंद.

सुलक्षणा शिरूरला मराठी शिकवायची. तिचा विषय 'लोकगीतं'. मागच्या वर्षी पोरं होती अकरा, आणि त्यातली दोन तर एकमेकांशेजारी बसायला मिळावं एवढ्यासाठीच आलेली. विषयात पुस्तकी नोट्स थोड्या, गाणी फार. केंदूरची तिची आत्या कस्तुराबाई हिच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, पाळणे, काढणीच्या भलऱ्या. खुरपं हातात असताना, भाकरी थापताना, म्हशीला आंबोण घालताना गायलेल्या. मागं म्हैस हंबरलेली तशीच राहिलेली. विषय गेला तर ही गाणी पोरांच्या कानापर्यंत पोचायची कशी, या विचारानं सुलक्षणाला जेवण गोड लागेना.

"आधी फायली तर नेऊ," रसायनशास्त्राची गौतमी म्हणाली. गौतमी म्हणजे तिची जिवाची मैत्रीण. "नावांचं मग बघू. आपल्या कॉलेजचं नेट बघितलंस का? रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबलच उपटली. गाजर उपटल्यासारखी."

तेवढ्यात दौंडहून साहेबराव सरांचा फोन. सर कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवायचे आणि खुटबावला ज्वारी पिकवायचे, आणि दोन्हीकडं सारख्याच मोठ्या आवाजात बोलायचे.

"मॅडम, सगळ्यांनी माझ्या रानात या! शेजारच्या दूध डेअरीमुळं लाइन आलीय, नेट असं पळतंय की बैलगाडा शर्यतीतली जोडी मागं पडंल. आपण इर्जिक घालू!"

इर्जिक काय ते केंदूरच्या लेकीला सांगायला नको. एकाचं रान नांगरायचं राहिलं की गावानं आपापली औतं घेऊन जायचं, दिवसात काम उरकायचं, आणि मालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. आता औतांच्या जागी लॅपटॉप, एवढाच फरक.

कस्तुराबाईंच्या कानावर हे गेलं आणि त्या शुक्रवारीच पिशवी घेऊन शिरूरला हजर.

"आत्या, तुम्ही कशाला दगदग करता?"

"वा गं वा! माझी गाणी नांदायला धाडतीस आन् मी घर बघायला येऊ नको? सोयरीक आंधळ्यानं करायची व्हय?"

शनिवारी सकाळी गौतमीच्या अल्टोत आत्या पुढं बसल्या, सुलक्षणा मागं चार लॅपटॉप मांडीवर घेऊन. न्हावरा गेलं, चौफुला गेला, आणि खुटबावच्या रानात चिंचेखाली सतरंज्या अंथरलेल्या दिसल्या. दोन्ही कॉलेजांचे मास्तर मांड्या घालून बसलेले. वायरींचं जाळं असं पसरलेलं की साहेबराव सरांचं कुत्रं त्यात अडकून केविलवाणं बघत होतं. पलीकडं हुरड्याची आगटी पेटलेली, आणि ज्वारीची कणसं भाजल्याचा वास भल्याभल्यांचं चित्त उडवत होता.

नव्या पोर्टलच्या किल्ल्या होत्या नवनाथ सरांकडं. दौंडला संगणक शिकवायचे. वयानं लहान, चष्मा मोठा. ते म्हणाले, "प्रत्येकानं आपापला विषय उघडायचा आणि..."

"थांबा!" साहेबराव सर कडाडले. "इर्जिकीत असं नसतं. सगळी औतं आधी एकाच रानात. ते झालं की दुसरं. सगळ्यांत लहान रान कुणाचं?"

"सुलक्षणाचं," गौतमीनं लगेच सांगून टाकलं.

"मग आधी लोकगीतं! नवनाथ सर, बांध काढा. सगळ्यांना सगळीकडं शिरू द्या."

नवनाथ सरांनी बांध काढले, म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकले. सगळ्यांच्या पडद्यावर एकच पान उघडलं, 'लोकगीतं'. जुन्या पोर्टलवरून फाईल उचलायची, या पानावर आणून सोडायची. एकेक ओवी निघाली. कस्तुराबाई सुलक्षणाच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"ही कुठली?"

"पाळणा, आत्या. चाललाय बघा. अर्धा पोचला."

"अर्धा वाटंत? मग हाक मारायला पायजे." आणि त्यांनी तिथंच सूर धरला,

*लेक सासरी निघाली, न्हाई डोली, न्हाई घोडा*
*तारंतारंनं चालली, कुनी रस्ता तिला सोडा*

चिंचेखाली हशा पिकला. भूगोलाच्या मास्तरांनी खरंच दोन्ही हात पसरून वाट मोकळी केली. आणि काय योगायोग, पाळणा सुळकन पोचला. मग तर आत्यांनी गावं आणि फायलींनी पळावं असंच सुरू झालं. घटकेत सुलक्षणाचं रान नांगरून मोकळं.

आता नवनाथ सरांनी म्हणायचं होतं, "रान बदला." प्रत्येकानं पुढच्या विषयाचं पान उघडायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही, पण त्याच वेळी साहेबराव सरांनी त्यात गरम हुरड्याची मूठ कोंबली. वर गूळ, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. असा हुरडा तोंडात असताना कोण काय बोलणार? मास्तर एका हातानं खात होते, दुसऱ्या हातानं फायली ओढत होते. इर्जिकीत आपलं-परकं नसतं, हाताला लागेल ते ओढायचं! गौतमीनं कंपनी खाती ओढली, साहेबराव सरांनी सेंद्रिय रसायन ओढलं, भूगोलवाल्यांनी कांदा लागवड. पाचाच्या आत जुनं पोर्टल झाडून मोकळं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाचला ते बंद झालं, कायमचं.

आणि मग गौतमीनं सहज आपला विषय उघडला.

"अगं बाई. माझं रान तर कोरडं ठक्क आहे."

साहेबराव सरांनी आपलं उघडलं. कोरडं. भूगोल कोरडा, वनस्पतिशास्त्र कोरडं. बघता बघता चिंचेखाली रडारड व्हायची वेळ आली. नवनाथ सरांचा चष्मा घामानं नाकावर घसरला. "दोन कॉलेजांच्या सगळ्या नोट्स," ते पुटपुटले, "आणि जुनं तर बंद झालं..."

सुलक्षणानं भीतभीत 'लोकगीतं' उघडलं. पहिली ओवी होती. दुसरी होती. तिसऱ्या ओवीखाली 'कंपनी खाती, भाग दोन'. त्याखाली पाळणा. त्याखाली बेंझिन. त्याखाली कांदा. ती बोट फिरवत राहिली, पान संपेना.

"सगळं माझ्याकडंच आहे," ती म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. गौतमी हसली, मग नवनाथ सर हसले, मग साहेबराव सर असे हसले की चिंचेवरचे राघू उडाले. रान कुणी बदललंच नव्हतं! साऱ्या औतांनी एकच रान दिवसभर नांगरलेलं. कस्तुराबाईंना कळायला जरा वेळ लागला, पण कळल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली.

*एका लेकीच्या घरात आल्या साऱ्या जावा-नंदा*
*कुनी मांडीला हिसोब, कुनी चिरला गं कांदा*

वेगळं करायला नवनाथ सरांना गुरुवार उजाडणार होता. तोवर पोरांना निरोप गेला की ज्याला ज्या नोट्स हव्यात, त्यानं लोकगीतांच्या पानावर जावं.

सोमवारी पोरं आली. पान उघडलं की नाव आपोआप लागायचं. पानावर सगळ्यांत वर कस्तुराबाई. कंपनी खाती शोधता शोधता एखाद्याचं बोट चुकून ओवीवर पडायचं, आणि दौंडच्या कॉलेजच्या व्हरांड्यात म्हैस हंबरायची. मंगळवारी चहाच्या टपरीवर कुणीतरी तारंतारंनं चालली गुणगुणताना सापडलं. ते गाणं त्या दिवशी गौतमीनं फोनवर रेकॉर्ड करून पानावर टाकून दिलं होतं. बुधवारी नवनाथ सरांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या विषयाला नावं किती माहितीय? अकराशे! चाळीस मागितली होती ना संस्थेनं? घ्या!"

विषय वाचला. अकराशे! सुलक्षणानं पहिला फोन केंदूरला लावला.

"व्हय का," आत्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुलक्षणाला वाटलं होतं तेवढा आनंद नव्हता. "पर ही पोरं बेंझिन का काय ते घ्यायला आल्यात न्हवं? वाट चुकल्याले पाव्हणे ओसरीवर बसवून ठेवून घर नांदतं व्हय गं?"

फायली गुरुवारी हलल्या तरी लागलेली नावं तशीच राहिली असती, आणि शनिवारी संस्था आकडाच बघणार होती. तरी सुलक्षणानं नवनाथ सरांना फोन लावला.

"सर, बाकीच्यांच्या फायली हलवाल ना, तेव्हा आपोआप लागलेली सगळी नावंही काढा. ज्याला यायचंय तो पुन्हा येईल."

"अहो मॅडम, वेड लागलंय का? चाळीसही नाही झाली तर?"

"तर नाही झाली."

गौतमीला कळलं तेव्हा ती आधी रागावली, मग तिनं डोक्याला हात लावला, मग म्हणाली, "तू ना सुलू, आत्याची भाची शोभतेस. चल, शनिवारी दौंडला मी नेते तुला. विषय बंद झाला तर रडायला गाडी हवी."

गुरुवारी संध्याकाळी आकडा कोसळला. सहा नावं. त्यातली दोन ती शेजारी बसणारी. शुक्रवारी कॉलेजची परीक्षा, कोण पोर्टल उघडतंय? सुलक्षणानं आकडा बघणंच सोडून दिलं.

शनिवारी त्या दोघी अल्टोतून दौंडला निघाल्या. संस्थेच्या बैठकीत बंद विषयांची नावं वाचणार होते. न्हावऱ्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. तेवढ्यात नवनाथ सरांचा फोन आला.

"मॅडम, बघितलं का?"

"नाही बघवत. तुम्हीच सांगा."

"परीक्षा सुटल्यावर हिशेबाची पोरं लागलीत नावं घालायला. साहेबराव सरांनीही घातलंय, विद्यार्थी म्हणून! ते मी काढलं. तरी त्र्याण्णव!"

सुलक्षणानं फोन कानापासून लांब धरून बघितला, परत कानाला लावला. मग केंदूरला लावला.

"आत्या! त्र्याण्णव!"

"त्र्याण्णव काय? किलो?"

"पोरं, आत्या! तुमचं ऐकायला! आपल्या पायानं आलेली!"

पलीकडं बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मग, "बया! येवढ्यांना च्या कुठनं पाजायचा आता?"

"गौतमे, गाडी बाजूला घे."

"का गं, मळमळतंय?"

"नाचायचंय."

आणि न्हावऱ्याच्या रस्त्यावर, उसाच्या पाचटात, पदर खोचून दोन प्राध्यापिका फुगडी घालू लागल्या. रांगेतला पहिला ट्रॅक्टरवाला आधी बघतच राहिला. मग त्यानं तालात हॉर्न वाजवायला घेतला. मग मागच्यानं. मग त्याच्या मागच्यानं.